चवळीखालची माती

८ जुलै
तांडा, ढाणकीजवळ

उज्ज्वला,

फोनवर तू मले ब्लॉक केलं. ठीक आहे. पोस्टमनले कसं ब्लॉक करशील? वणीत कोळशाच्या खदानीवर तुह्या भावाले, शामले, ओळखत नाही असा माणूस नाही. पत्र पोचल्याशिवाय राहत नाही.

भांडाले लिहून राह्यलो असं समजू नको. भांडायचं आहे, पण ते मागून. आधी खुशखबर ऐक. आपल्या वावरात गांडूळ आले! एक-दोन नाही बाप्पा, भरमसाट! काल पाऊस उघडला तं नाल्याकडच्या तासातलं कुटार, वाळला भुसा, उचलून पाह्यलं. खाली माती अशी मोकळी, चहापत्तीसारखी, अन् तिच्यात हे लाललाल, ओले, जागा मिळेल तिकडं घुसून राह्यले. मी एकटाच ओरडलो. याडी भाकर घेऊन धुऱ्यावर आलती, तिले वाटलं मले पान लागलं, साप चावला. भाकर टाकून पळत आली बिचारी. मंग गांडूळ पाहून माही माय मले जे काही बोलली ते इथं लिहीत नाही.

तू गेली त्या दिवशी उंबरठ्यावर उभी राहून म्हटलतं, "तुमचा निसर्ग माह्या कंबरेवर चालते. गवताचं औषध मारू देत नाही अन् निंदाले मले वाकवता. औषध मारा, नाहीतं तुमीच निंदा. मी चालली." सगळ्या तांड्यानं ऐकलं. ऐकू दे. पण बाईसाहेब, आता माहं ऐका. हे गांडूळ पहिले काहून नव्हते? माती उघडी होती म्हणून. उघड्या मातीले ऊन भाजते, पाऊस झोडपते, तिच्यात कोण राहीन? औंदा मी कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन तासांमधी, ओळींच्या मधात, चवळी पेरली. जिथं जागा दिसली तिथं मागच्या वर्षीचं सोयाबीनचं कुटार अंथरलं. चवळी पसरली की खाली अंधार, अन् अंधारात गवत वर येत नाही. तुह्या खुरप्याचं काम चवळी करीन!

लिहून देतो तुले. या हंगामात तुले वावरात वाकावं लागणार नाही. ज्या दिवशी चवळी माती झाकीन त्या दिवशी तू घरी यायचं. बोल, मंजूर?

प्रेरणा रोज विचारते, वहिनी कधी येते. मी सांगतलं, चवळीले विचार. बहीण असून मले येडा म्हणते ती आता, तुही संगत आहे ना.

तुहा,
अमरसिंग

२१ जुलै
तांडा

उज्ज्वला,

उत्तर आलं नाही. पोस्ट हळू चालते, मले माहीत आहे.

परवा दुपारी काय पाऊस झाला! वणीत झाला का? इथं तं नाल्यानं रस्ताच खाल्ला. मी डोक्यावर पोतं घेऊन वावरात उभा. याडी घरून शिव्या देऊन राह्यली, इथपर्यंत ऐकू येऊन राह्यल्या. पण मले पाहायचं होतं. अन् काय पाह्यलं सांगू? आपल्या धुऱ्याले लागून तांड्याच्या नायकाचं, डोंगरसिंगचं, सोयाबीन आहे ना, एक गवताची काडी नाही त्यात, आरशासारखं साफ, तू नेहमी बोट दाखवून मले दाखवायची. त्या वावरातून पाणी असं धावून राह्यलं, काळंकुट्ट. सगळी माती घेऊन नाल्यात! अन् आपल्या वावरातून पाणी बाहेरच येईना. मी धुऱ्यावर पाहत बसलो, आता येईल, मंग येईल. कुठं जाऊन राह्यलं असंन पाणी? खाली! गांडुळांनी सगळी माती भोकं पाडून ठेवली ना, त्यांच्या बिळाबिळातून आत जिरून राह्यलं. आपलं वावर पाणी पेऊन राह्यलं, उज्ज्वला! मी पावसातच नाचलो. नायकानं छत्रीखालून पाह्यलं अन् मान फिरवली.

अजून एक. चवळीचं एक रोप उपटून पाह्यलं. मुळांवर गाठी, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या. एक गाठ नखानं फोडली तं आतून गुलाबी! गुलाबी निघाली म्हणजे काम चालू आहे. हवेतलं खत धरून त्या पऱ्हाटीच्या पायाशी आणून ठेवतात, युरियाची थैली नाही, डोक्यावर वाहणं नाही, काहीच नाही. कोणी सांगतलं त्यांले हे कराले? कोणीच नाही. मी तं मोठा खूश आहे.

अक्षर वाकडं दिसीन तुले. पडल्या पडल्या लिहून राह्यलो, उगाच, लहर आली म्हणून. चुलीवर याडी तेल गरम करून राह्यली. भज्यांसाठी असंन. भज्यांच्या तेलात लसूण कायले टाकते हे काही मले समजलं नाही.

चवळी अजून लहान आहे. जराशीच लहान. गवत म्हणशील तं आहे थोडं. होते बरोबर. तू फिकीर करू नको.

अमरसिंग

३ ऑगस्ट
तांडा

उज्ज्वला,

हे पत्र उभ्यानं वाच, बसून वाचण्यासारखं नाही!

चवळीवर मावा पडला. शेंड्या शेंड्याले काळा, चिकट. प्रेरणा पाहून आली अन् म्हणते, "भाऊ, आता वहिनी तं येत नाही, पऱ्हाटीही जाईन." नायक स्वतः फवारणीचा पंप घेऊन धुऱ्यावर आला. माणूस वाईट नाही तो, खरंच काळजीनं आलता. म्हणे, "अमरसिंग, आज मार. उद्या मावा पऱ्हाटीवर चढीन, मंग रडशील." मी पंप घेतला. हो, घेतला! तुह्यापाशी खोटं कायले बोलू? खांद्यावर अडकवला, पहिल्या तासापर्यंत गेलो. तू घरी असती तं तूच मारला असता, अन् मले वाटलं, चला, निदान बायकोच्या मनासारखं एक काम होईन.

अन् तिथं, पानाखाली, एक अळी दिसली. काळी, पाठीवर नारिंगी ठिपके, दिसाले अशी भयाण का पाह्यली की चिरडावी वाटते. चिरडणारच होतो. तं पाह्यलं, ती मावा खाऊन राह्यली! एक खाल्ला, दुसरा खाल्ला, घाई नाही काही नाही, पंगतीत बसल्यासारखी. मंग दुसऱ्या पानावर पाह्यलं, तिथंही एक. अन् तिसऱ्यावर तो लाल पाठीचा ढालकिडा, ज्याले आपण लहानपणी तळहातावर खेळवत होतो. तो मोठा, अन् ही अळी त्याचंच लेकरू! मी इतकी वर्सं वावरात राह्यलो अन् हे लेकरू त्याचं आहे हे मले औंदा कळलं. पंप तसाच नायकाच्या दारात नेऊन ठेवला. तो म्हणे, "मारलं?" मी म्हटलं, "जेवण चालू आहे."

आज मावा पाहाले गेलो तं सापडत नाही. काळे सुकलेले टरफलं तेवढे राह्यले. पऱ्हाटीवर एक कीड चढली नाही, सगळी चवळीवर आली अन् तिथंच खपली. आता ढालकिडे इकडून तिकडं फिरून राह्यले, मावा शोधत असतीन.

अन् चवळी? चवळी गुडघ्याएवढी झाली. दोन तासांमधली माती दिसत नाही आता. हात घालून पाह्यलं, खाली थंड, ओलं, गवताचं एखादं पिवळं पातं, तेही मरतुकडं. मी काय म्हटलतं?

राखी आहे चार-सहा दिवसांत, ती शामले बांध अन् ये. राखी झाली की तीज बसते, टोपल्यांत गहू अन् रोजची गाणी. पोरी आतापासून विचारतात. तू गाणं उठवल्याशिवाय त्यांचा गळाच निघत नाही, तुले माहीत आहे. यष्टीचं तिकीट मी काढतो पाहिजे तं.

तुहा,
अमरसिंग

१३ ऑगस्ट
तांडा

उज्ज्वला,

तू आली नाही अन् इथं मोठा राडा झाला. सगळं सांगतो.

पोरींनी तीज मांडली. नायकाच्या दारात मांडव, टोपल्यांमधी माती, शेण, भिजवलेला गहू, सकाळ-संध्याकाळ पाणी अन् गाणं. तुह्याशिवाय गाणं कसं झालं ते विचारू नको. पण तीज उगवली नाही! कुठं एखादा कोंब, तोही पिवळा, बोटाच्या पेरापेक्षा वर येईना. पोरी घाबरल्या. तीज उगवली नाही तं घरावर काय येईन, कोणाचं लग्न मोडीन, हेच बोलणं दारोदारी. प्रेरणाले तं रडू आवरेना, तिची सोयरीक आता कुठं बोलण्यात आली आहे. अन् मंग एक म्हातारी मांडवात उभी राहून काय म्हणे माहीत आहे? "ज्या घरची सून रुसून गेली, त्या घरच्या पोरीनं टोपलीले हात लावला. सून रुसली म्हणून तीज रुसली."

मले असा राग आला! मी मांडवात घुसलो. पुरुषानं तिथं जायचं नसते, माहीत आहे मले, तरी घुसलो. म्हटलं, "माह्या बायकोचं नाव कायले काढता? ती तिच्या भावाकडं गेली, कोणाचं काही घेऊन नाही गेली. खबरदार कोणी बोलाल तं!" याडीनं माहा शर्ट ओढला. मी नाही हटलो. एक टोपली उचलली अन् सगळ्यांसमोर उलटी केली.

दाणे फुगले होते. मूळ निघालं होतं, पण आखूड, जाड, टोकाले सुजल्यासारखं. पुढं जायची त्याची हिंमतच झाली नाही. मी पोरींले विचारलं, माती कुठून आणली? म्हणतात, वारुळाची. कोणत्या वारुळाची? नेहमीच्या!

आता ऐक. नेहमीचं वारूळ म्हणजे आपल्या अन् नायकाच्या धुऱ्यावरचं. नायकानं उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून ते सपाट केलं अन् दोन तास सोयाबीन जास्तीचं पेरलं. पोरींले रीत माहीत, तीजेले वारुळाचीच माती पाहिजे. वारूळ नाही तं त्यांनी वारुळाच्या जागेची आणली, सोयाबीनच्या तासातली. अन् त्या तासात नायकानं पेरणी झाल्याझाल्या काय मारलतं? गवताचं औषध! गवत उगवूच नये म्हणून मारतात ते, मातीतच राहते, महिना-दोन महिने. अन् गहू कोण आहे, उज्ज्वला? गहू म्हणजे गवतच ना बाप्पा! आपण त्याची पोळी करतो म्हणून त्याचं कूळ बदलते का?

मी हे बोललो तं सगळा मांडव नायकाकडं पाहाले लागला. नायकाचं तोंड उतरलं. तो म्हणे, "पण सोयाबीन तं चांगलं आहे." म्हटलं, "सोयाबीन गवत नाही."

पोरींले घेऊन मी आपल्या वावरात गेलो. चवळी बाजूले सारली अन् टोपल्या भरून दिल्या, गांडुळासकट. प्रेरणा म्हणे, भाऊ, ही वारुळाची नाही, रीत मोडीन. याडी, आपली याडी रामीबाई, जिनं गांडूळ पाहून मले इतक्या शिव्या दिल्या, ती पुढं झाली अन् म्हणते, "वारुळाची माती कायले घेतात? किड्यांनी खालून वर आणलेली म्हणून. ही बी किड्यांनीच आणली. भरा." मले याडीले उचलून घ्यावं वाटलं. नायकानं विसर्जन पुढं ढकललं. पोरींनी नवा गहू भिजवला.

आता सगळा तांडा आपल्या मातीकडं पाहून राह्यला. तू ये ना वं. पोरी तुले शामच्या फोनवरून फोन करणार आहेत.

अमरसिंग

२१ ऑगस्ट
तांडा

उज्ज्वला,

तीज उगवली! काय उगवली! हिरवीगार, वीतभर, एकसारखी, टोपलीतून माती दिसत नाही. विसर्जनाच्या दिवशी पोरींनी तुरे खुडून भावांच्या डोक्यात खोचले. माह्या फेट्यात प्रेरणानं एवढा मोठा जुडगा खोचला का मान वळवता येईना. नायकाच्या फेट्यातही आपल्याच मातीचा तुरा. तो विसर्जनाहून येताना माह्यासंगं चालला अन् हळूच विचारते, "चवळीचं बी ठेवशील का माह्यासाठी?" मी म्हटलं, ठेवतो. धुऱ्यावरचे ते दोन तासही सोडतो म्हणे तो, पुढच्या साली नांगर लावत नाही. वारूळ आपोआप बसीन. मुंग्यांले कोणी बोलवाले लागत नाही.

दिवसभर लोक वावर पाहून राह्यले. बाया चवळी वर करून करून खाली पाहत होत्या, गवत कुठं आहे म्हणून. एक म्हणे, "हे असं असीन तं मीही नवऱ्याले सांगते." मी नुसता मिरवून राह्यलो. ढालकिड्याचं सांग, गाठींचं सांग, घसा बसला.

अन् प्रत्येक यष्टीच्या टाइमाले मी रस्त्याकडं पाह्यलं. तू आली नाही. पोरी म्हणे, वहिनी फोनवर रडली, पण येत नाही म्हणाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वावरात एकटाच बसलो. इतकं हिरवं होतं अन् मले काही गोड लागेना.

म्हणून आता एक लिहितो, जे लिहिणार नव्हतो. जुलैत चवळीनं काही केलं नाही. ती लहान होती अन् गवत तिच्या डोक्यावरून चाललं होतं. गवत वर गेलं असतं तं चवळी खालीच मेली असती, मंग कुठली गाठ अन् कुठला ढालकिडा. ते गवत मी निंदलं. एकट्यानं, सगळं वावर, खुरप्यानं. तुले खुरपं लागणार नाही असं लिहून दिलतं ना, म्हणून कोणाले सांगतलं नाही, मजूरही लावला नाही. शेवटच्या तासात कंबर अशी धरली का उठता येईना. आडवा झालो चिखलातच. नायकानं अन् याडीनं बैलगाडीत घालून घरी आणलं. त्या पावसात नाचल्याचं लिहिलतं, ते खोटं. त्या दिवशी मी खाटेवर होतो, पाणी जिरल्याचं मले प्रेरणानं येऊन सांगतलं. लसणाचं तेल भज्यांचं नव्हतं.

गांडूळ काम करतात, चवळी करते, किडे करतात, सगळं खरं आहे. पण त्यांचं काम सुरू व्हायच्या आधी कोणाले तरी वाकावं लागते. खाटेवर पडून मले हेच सुचत होतं.

तुही कंबर कशी आहे वं?

अमरसिंग

३० ऑगस्ट
वणी

प्रेरणाच्या भावाले,

तुमची सगळी पत्रं पोचली. इथली माही वहिनी मोठ्यानं वाचते अन् शामभाऊ चहा पेता पेता ऐकते. गांडुळाचं इथं सगळ्यांले पाठ झालं. शामभाऊ खदानीत जाऊन लोकांले सांगते का गहू म्हणजे गवत. तुमी मांडवात घुसले ते वाचून मी तोंडाले पदर लावून हासली.

तीजेले आली नाही, त्याचा राग धरू नका. चवळी वाढली म्हणून या, गाणं उठवाले या, पोरी रडतात म्हणून या, असं लिहीत गेले तुमी. मी प्रत्येक पत्र दोनदा वाचलं. मावा कसा आहे ते होतं, माती कशी आहे ते होतं. मी कशी आहे ते कुठं दिसेना. मंग हे शेवटचं आलं. त्याची शेवटची ओळ वहिनीनं वाचली अन् पत्र घडी करून माह्या हातात दिलं. लग्नाले इतकी वर्सं झाली, हे तुमी मले पहिल्यांदा विचारलं.

विचारलं तं सांगते. कंबर चांगली नाही. इथं आल्यावर शामभाऊनं दवाखान्यात नेलं. मणक्यात गॅप आहे म्हणे. वाकायचं काम बंद, वजन उचलायचं बंद, आता जन्मभर. गोळ्या चालू आहेत, रात्रीची झोप येऊन राह्यली. तुमाले सांगतलं नाही, कारण वाकणं बंद म्हटल्यावर तुमी म्हणाल, मंग ही येऊन काय करीन. मले भेव होतं.

म्हणून आधीच सांगून ठेवते. मी निंदणार नाही. कापूस वेचाले दुसऱ्या बाया पाहा. बी निवडीन, तोडीच्या शेंगा सोलीन, बसून जे होईन ते करीन. तुमच्या वावरात एवढ्यावर मले जागा असंन तं ठीक. नाही असंन तरी मी येऊनच राह्यली, माहं घर आहे ते.

तुमची कंबर कशी आहे ते तुमीही लिहिलं नाही. लसूण जळेपर्यंत तेल तापवू नका म्हणा याडीले, साल निघते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघते. ढाणकीच्या स्टँडवर या. संगं एक पिशवी आहे, ती उचलाले प्रेरणाले आणा. तुमी उचलू नका.

उज्ज्वला